चहा एकत्र, चाव्या वेगळ्या: बहुभाषिक चर्चमध्ये समेट कशाला म्हणायचं?

पेठेतली

सर्वांना सलाम.

आमचं चर्च पुण्यात, कॅम्पाच्या अंगाला. एकाच आवारात रविवारी चार उपासना होतात. सकाळी साडेसातला इंग्रजी, साडेनऊला मराठी, साडेअकराला तमिळ आणि संध्याकाळी हिंदी. इंग्रजीला ईशान्येकडून शिकायला आलेली मुलं असतात, हिंदीला झारखंड-ओडिशाकडची बांधकामावरची माणसं. एक मंडळी उठते, दुसरी बसते. फाटकात भेटलो की सलाम होतो, तेवढाच संबंध.

पंच कमिटीने आता एक प्रस्ताव ठेवलाय. महिन्यातून एक रविवार संयुक्त उपासना, मग सगळ्यांचं जेवण आणि मागच्या वस्तीत मिळून काम: मुलांसाठी अभ्यासिका, आठवड्यातून एकदा डॉक्टर. पत्रकात शब्द आहेत 'न्याय, समेट आणि वस्तीचं नवीकरण'. मला हे सगळं हवंय. पण त्याआधी दोन गोष्टी व्हाव्यात असं माझं म्हणणं आहे. आपल्या मंडळीत जात बसलेली आहे, हे एकदा वेदीसमोर उभं राहून मोठ्याने कबूल करावं. आणि हॉलच्या चाव्या, हिशेब, कमिटीतल्या जागा चारही मंडळ्यांत वाटल्या जाव्यात.

माझी आजी 1972च्या दुष्काळात नेवासे तालुक्यातून पुण्यात आली. बावीस वर्षं तिने हे चर्च झाडलं. शनिवारी दुपारी चिंच लावून पितळी क्रूस घासायची, हात आंबट व्हायचे, त्याच हातांनी मला शेंगदाणे द्यायची. रविवारी मात्र दाराशेजारच्या शेवटच्या बाकावर बसायची. पुढे जागा रिकामी असली तरी तिथेच. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "इथं वारा लागतो गं."

गेल्या नाताळात एकत्र जेवण झालं. तीनशे ताटं आमच्या महिला मंडळाच्या बायकांनी मागच्या नळावर चार वाजेपर्यंत धुतली. आभार सजावट करणाऱ्यांचे मानले गेले. हॉल हवा असेल तर मराठी तरुण संघाने आठ दिवस आधी अर्ज द्यायचा, तोही इंग्रजीत.

पुण्यात 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये गोपाळराव जोशींनी शहरातल्या प्रतिष्ठितांना नेलं, तिथे चहा पुढे आला, आणि त्या पेल्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांसकट सगळ्यांवर ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा खटला, आलं. चहा घेणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती. आज एकत्र चहा घेऊन आपण समेट झाला म्हणणार असू, तर सव्वाशेहून जास्त वर्षांत आपण फार चाललेलो नाही.

तुम्हाला काय वाटतं?

जुना_पंच

ताई, सलाम. आजीबद्दल वाचून गलबललो, कारण अशा चार आज्या मीही पाहिल्या आहेत. तरीही तुमच्या पहिल्या मागणीला माझा ठाम विरोध आहे.

आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो जात विसरण्यासाठी. गावाचं नाव आडनाव म्हणून लावलं, मुलांची नावं शास्त्रातून घेतली. मोठ्या कष्टाने विस्मरणात टाकलेली गोष्ट तुम्ही वेदीवरून उच्चारायला सांगताय. एकदा उच्चारली की ती लग्नाच्या बोलणीत येईल, कमिटीच्या निवडणुकीत येईल. 'आमचे किती, तुमचे किती' सुरू होईल. मी तीस वर्षं पंच होतो, निवडणुकीत माणसं कशी मोजली जातात ते जवळून पाहिलंय.

आणि बाहेरचं वातावरण बघा. घरात प्रार्थनासभा ठेवली तरी हल्ली शेजारी काय म्हणतील याची धास्ती असते. अशा दिवसांत आपणच आपल्या घरातली भांडणं चव्हाट्यावर मांडायची का?

संयुक्त उपासनेलाही माझा विरोध आहे, कारण वेगळं. संयुक्त म्हणजे शेवटी इंग्रजी. आजवर दुसरं काही पाहिलेलं नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं भजन एक कडवं म्हणायचं, 'लोकल टच' म्हणून, आणि बाकी सगळं गिटारवर. पेटी-तबला घेऊन बसलेले आमचे मामा तासभर नुसते बसून राहतात. आपली भाषा हीच आपल्या लोकांची पुढची रांग आहे. साडेनऊच्या उपासनेत तुमची आजी शेवटच्या बाकावर असेल, पण प्रत्येक शब्द तिला कळत होता. संयुक्त उपासनेत ती पहिल्या बाकावर बसली असती आणि तिला काहीच कळलं नसतं.

नगरची_लेक

जुना_पंच काका, जात विसरली गेली असती तर तुमचं म्हणणं मी मान्य केलं असतं. 1876 ते 78च्या दुष्काळानंतर आमच्या नगर भागात वस्त्याच्या वस्त्या ख्रिस्ती झाल्या, आणि वस्त्या तशाच राहिल्या. आमच्या गावात महारवाड्याकडून आलेल्यांची भजनं एका घरी आणि मांगवाड्याकडून आलेल्यांची दुसऱ्या घरी व्हायची. माझे आजोबा सांगायचे, प्रभुभोजनाचा एकच पेला फिरायचा तेव्हा तो आधी कुणाकडे जातो यावरून एका वर्षी उपासना अर्ध्यावर थांबली. हे बाहेरच्यांनी आमच्यावर लादलेलं नव्हतं, आम्हीच एकमेकांशी केलं.

शहरात कुणी विचारत नाही, एवढंच. पण माझ्या भावाचं लग्न ठरताना मुलीकडच्यांनी 'मूळचे कुठले' असं तीनदा विचारलं. गाव सांगून भागेना. त्यांना गावातली बाजू हवी होती.

खडकीचा_तमिळ

आमचे पणजोबा दारूगोळा कारखान्याच्या कामाला खडकीत आले. घरात तमिळ, बाहेर मराठी, असा मी वाढलो.

मराठी मंडळींना एक सांगतो. तुम्ही समजता जात हा तुमचाच घरगुती प्रश्न. आमच्याकडे तर काही गावांत दफनभूमीत भिंत आहे, मेल्यावरसुद्धा वेगळं. पुण्यात भिंत नाही, पण वीस वर्षांत आमच्या कमिटीचा सेक्रेटरी कोणत्या घरांतून झाला, हे मी बोटांवर मोजून सांगू शकतो. म्हणून कबुली द्यायची असेल तर चारही मंडळ्यांनी आपापली द्यावी. मराठी मंडळीने रडायचं आणि आम्ही सांत्वन करायचं, असं नको.

संयुक्त उपासनेबाबत मात्र मी जुना_पंच यांच्या बाजूने आहे. माझ्या आईला तमिळ स्तोत्राशिवाय प्रार्थना केल्यासारखं वाटत नाही. तिचं वय 81. न्यायाच्या नावाखाली तिचा रविवार काढून घेऊ नका.

विहारातला

मी ख्रिस्ती नाही, बौद्ध आहे. विषय जवळचा म्हणून लिहितो, चालत नसेल तर सांगा.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांबद्दल लिहिताना एक गोष्ट परखडपणे नोंदवली होती. धर्मांतरानंतर मिशनने शाळा दिली, दवाखाना दिला, पण सामाजिक अन्यायाविरुद्ध हा समाज उभा राहिला नाही, त्याचं दुःख सार्वजनिक झालं नाही. जुना_पंच ज्याला विस्मरण म्हणतात, त्याला बाबासाहेबांनी गप्प बसणं म्हटलं असतं, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली शीख आले, 1990 साली आम्ही. ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून बाहेर. 2007 साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढा म्हणून सांगितलं, 2022 साली पुन्हा न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला. तुमचे नेते दिल्लीत जाऊन काय सांगतात? बाप्तिस्म्यानंतरही जात सुटत नाही, म्हणून दर्जा द्या. आणि रविवारी चर्चमध्ये काय सांगता? आमच्यात जात नाही. दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

पेठेतली

विहारातला, मला जे नीट मांडता येत नव्हतं ते तुम्ही मांडलंत. सरकारकडच्या अर्जात जे आपण लिहितो, ते वेदीसमोर म्हणायला आपली जीभ का अडखळते, हाच माझा प्रश्न आहे.

सूसैंचा खटला आठवतोय का कुणाला? मद्रासला रस्त्याकडेला बसणारे चांभार. सरकारने हिंदू अनुसूचित जातींच्या चांभारांना फुकट टपऱ्या दिल्या, सूसै ख्रिस्ती म्हणून त्यांना नाही. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. 1985 साली निकाल लागला तो असा की नुसती जात चालू राहिलीय हे पुरेसं नाही, ख्रिस्ती समाजातही तितकाच तीव्र त्रास आणि मागासलेपण आहे हे दाखवायला हवं. तो त्रास दाखवायचा कुणी? जिथे तो होतो तिथल्यांनी. आपण दर रविवारी 'नाही, नाही' म्हणत राहिलो तर उन्हात बसलेल्या त्या माणसाच्या विरोधात साक्ष आपणच देतो.

जुना_पंच

कोर्टातली साक्ष आणि उपासना यांची सरमिसळ करू नका. कोर्टात पुरावा द्यायचा असतो, तिथे मी स्वतः येऊन देईन, सही करीन. उपासनेत मी देवापुढे उभा असतो. तिथे माझी एकच ओळख, त्याचं लेकरू. ती जागा तरी या शब्दापासून मोकळी राहू द्या. तुम्हाला हे पळणं वाटतं. मला तो माझ्या आजोबांनी कमावलेला एकमेव विसावा वाटतो.

नगरची_लेक

काका, विसावा ज्याला मिळाला त्याला तो दिसतो. ताटं धुणाऱ्या बाईला विचारलंत?

वसईवाला

आमच्याकडचं वेगळं उदाहरण देतो. वसईतले कॅथलिक म्हणजे सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन. बोली वेगळ्या, लग्नसंबंध बराच काळ आपापल्यातच. या लोकांना एकत्र आणण्याचं मोठं काम कबुलीने झालं नाही, विहिरींनी केलं. 1990च्या आसपास हरित पट्टा बिल्डरांच्या घशात जाऊ लागला, टँकर विहिरी उपसू लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई चळवळीची माणसं उभी राहिली. मोर्चात ख्रिस्ती होते, हिंदूही होते. दहशतीच्या काळात एकाच मोर्चात चाललेली माणसं नंतर एकमेकांच्या ओटीवर सहज जाऊ लागली. हेच फादर 2020 साली उस्मानाबादला मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. प्रकृती साथ देत नव्हती तरी गेले.

म्हणून माझा सल्ला असा: आधी वस्तीतलं काम सुरू करा. अभ्यासिकेत चारही मंडळ्यांची पोरं शिकवायला बसवा. कबुली मागून आपोआप येईल.

पेठेतली

वसईवाला, काम करताना माणसं जवळ येतात हे खरं. पण आमच्याकडे काम तर आजही एकत्रच होतं. एक जण योजना आखतो, दुसरी ताट धुते. अभ्यासिका सुरू झाली आणि मुलांना शिकवणारे सगळे साडेसातवाले, सतरंज्या अंथरणारे सगळे साडेनऊवाले निघाले, तर आपण त्या मुलांना काय शिकवलं?

साडेसातवाला

मी इंग्रजी मंडळीतला आहे आणि त्या कमिटीवरही आहे. घरी मराठीच बोलतो. आईवडील गोव्याकडचे, मी इथेच वाढलो.

चाव्या आमच्याकडे आहेत, त्यामागे डाव नाही. पूर्वी एकदा हॉलचे पंखे आणि माइक गेले, तेव्हा कुणीतरी जबाबदारी घ्यायची म्हणून आम्ही घेतली. अर्ज इंग्रजीत का, याचा विचार मी आजवर केलेला नव्हता. आज पहिल्यांदा केला. तो नियम बदलायला एक मिनिट पुरेल.

पण कमिटीतल्या जागा सारख्या वाटायच्या हे मला पटत नाही. इमारतीच्या दुरुस्तीचा मोठा भार आमच्या मंडळीच्या अर्पणातून जातो. जो भार उचलतो त्याला बोलण्याचा हक्क थोडा जास्त असावा, एवढंच माझं म्हणणं.

खडकीचा_तमिळ

विधवेने अर्पण केलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांची गोष्ट आपण दर वर्षी मुलांना रविवारच्या शब्बाथ शाळेत सांगतो ना? तिथे प्रभूने भार रुपयांत मोजला नव्हता.

आयझॉलची

मी नऊ वर्षं पुण्यात आहे. माझं मराठी साधं आहे, चुकलं तर समजून घ्या.

मला घर मिळत नव्हतं. चेहरा बघून लोक नाही म्हणायचे. रस्त्यावर मुलं काहीतरी ओरडायची. एकदा जास्त झालं तेव्हा पोलीस चौकीत माझ्याबरोबर मराठी मंडळीतल्या एक काकू आल्या. इंग्रजी येत नाही त्यांना. तीन तास माझ्या शेजारी बसल्या, डब्यातली भाकरी अर्धी मला दिली, आणि तक्रार लिहून घेतल्याशिवाय उठल्या नाहीत. मी ज्या उपासनेला जाते तिथलं कुणी आलं नाही, कारण मी तिथे कुणाला सांगूच शकले नाही.

मला त्यांच्या उपासनेत बसायचंय. भाषा कळली नाही तरी चालेल. त्या माझ्या चौकीत बसल्या, तेव्हा त्यांना तरी कुठे सगळं कळत होतं.

पेठेतली

आयझॉलची, त्या काकू कोण असतील ते मला कळलं. रविवारी तुझी जागा धरून ठेवतील.

जुना_पंच काकांचा भाषेचा मुद्दा मला या चर्चेत पूर्ण पटला, आणि माझ्या मागणीत मी तो घेतेय. संयुक्त उपासना व्हावी ती पाळीने एकेका भाषेत, पूर्णपणे. पहिली मराठीत, पेटी-तबल्यावर. बाकीच्यांना हातात कागद. तमिळची पाळी येईल तेव्हा आम्ही कागद धरू. आजवर मराठी, तमिळ आणि हिंदीवाल्यांनीच कागद धरलाय. आणि खडकीच्या आईंचा रविवार जाऊ नये म्हणून ही उपासना संध्याकाळी ठेवू, सकाळच्या तिन्ही वेळा तशाच राहतील, फक्त हिंदीची त्या दिवशी दुपारी.

कबुलीची मागणी मी सोडत नाही. रेव्हरंड टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांना जागा होती. आपल्याला बाप्तिस्मा घेतलेल्यांचाच दरबार अजून नीट भरवता आलेला नाही.

जुना_पंच

पाळीने एकेक भाषा, हे चालेल. पेटीवाल्या मामांना मी सांगतो, त्यांनी गेल्या वर्षीच भाता दुरुस्त करून घेतलाय.

कबुलीला विरोध कायम. रविवारच्या बैठकीत मी उठून विरोधात बोलणार आहे, आधीच सांगून ठेवतो, मागून बोललो असं नको. मात्र तुमच्या आजीचं ते 'वारा लागतो' काल रात्रभर डोक्यातून गेलं नाही. तो बाक मला माहीत आहे. त्याच्या वर पंखा नाही, खिडकीही बंदच असते.

साडेसातवाला, बैठक चार वाजता आहे. हॉल उघडा ठेवा. अर्ज देत नाही.

साडेसातवाला

चावी साडेतीनला चौकीदाराकडे देतो. दुसरी करून आणतो, ती महिला मंडळाकडे राहू द्या. कमिटीच्या जागांवर बैठकीत बोलू.