गुडघा निखळला, बसवला, नाडीही लागत होती. मग पाय गार कसा पडला? (मदत हवी आहे)

मंडळी, घाईत लिहितोय, सांभाळून घ्या.

परवा बाईकवरून पडून धाकट्या भावाचा उजवा गुडघा निखळला. तासाभरात हॉस्पिटलात नेलं, सांधा ओढून बसवला. हाड मोडलेलं नाही, घोट्याजवळची नाडी लागतेय म्हणाले, आम्ही निर्धास्त. रात्री पोटरी ठणकायला लागली, इंजेक्शन देऊनही कळ थांबेना. पहाटे पावलांना हात लावला तर डावं नेहमीसारखं आणि उजवं फरशीसारखं गार. नख दाबून सोडलं तरी पांढरंच. सीटी अँजिओग्राफीत गुडघ्यामागची धमनी बंद दिसली. लगेच ऑपरेशन केलं. डाव्या पायातली शीर काढून तिथे जोडली. पोटरीला दोन्ही बाजूंनी लांब चिरा दिल्यात, त्या उघड्याच आहेत. आता पाऊल गरम आहे, पण वर उचलता येत नाही.

नाडी लागत होती तर धमनीला इजा कशी? चिरा शिवायला विसरले का? (हसू नका, आई तेच विचारतेय.) आणि पाऊल उचललं जाईल ना?

प्रतिसाद १
आईंना सांगा, विसरलेले नाहीत. अडलेलं रक्त पुन्हा सुरू झालं की स्नायू सुजतात. पोटरीतले स्नायू न ताणणाऱ्या आवरणांत कोंडलेले असतात, त्यामुळे आतला दाब वाढून रक्त परत अडतं. म्हणून आवरणं उघडी करतात. सूज उतरली की शिवतील, कडा जुळल्या नाहीत तर त्वचा लावतील.

नाडीचं म्हणाल तर ही धमनी गुडघ्याच्या वर आणि खाली जखडलेली असते. सांधा सरकला की मधला भाग ताणला जातो. कधी बाहेरून ती धड दिसते, पण आतलं अस्तर फाटलेलं असतं. सुरुवातीला रक्त वाहतं, मग त्या फाटक्या अस्तरावर गुठळी धरते. म्हणूनच गुडघा निखळला की नुसत्या नाडीवर भिस्त ठेवू नये, असं माझं ठाम मत. घोट्याचं बीपी हाताच्या बीपीच्या ०.९ पटीहून कमी आलं तर अँजिओग्राफी करतात. बरं आलं तरी पाय पुन्हा पुन्हा तपासत राहावा लागतो. रक्त पूर्ण अडलं तर साधारण ६ तासांनंतर स्नायू वाचणं अवघड होत जातं. तुम्ही पहाटे हात लावून पाहिलात, हे फार बरं केलंत.

पाऊल न उचलणं नसेमुळे (रक्ताची शीर नव्हे, मेंदूचे संदेश नेणारी मज्जातंतूची नस) असू शकतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नसही अशा वेळी ताणली जाते. ती सुधारली तरी महिने लागतात, आणि सगळ्यांची सुधारत नाही. तोवर पाऊल खाली लोंबकळू देऊ नका, स्प्लिंटबद्दल डॉक्टरांना विचारा. स्पर्श कुठे कुठे कळतो?

धागाकर्ता
आत्ताच कापूस फिरवून पाहिला. तळव्याला गुदगुल्या होतात म्हणतो. वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मध्ये, काहीच कळत नाही.

प्रतिसाद १
म्हणजे तीच नस दिसतेय. संध्याकाळच्या राउंडला हे असंच्या असं सांगा.