वाळवंटातली लढाई पाण्यावर लावा
डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या (डीअँडडी) टेबलावर बसून पात्रं रंगवायच्या खेळात दोन वस्त्यांचं युद्ध लावलं की सगळं सेशन फासे टाकण्यात जातं आणि प्लेअर कंटाळतात, अशी तक्रार गेम चालवणारे करतात. ती अगदी खरीय, पण माझ्या मते त्याला सैन्याचे नवीन रूल नकोत, पाण्याचा हिशोब हवा. डीअँडडीच्या पाचव्या एडिशनमध्ये माणशी रोज १ गॅलन पाणी लागतं, उष्ण हवेत २, म्हणजे साधारण साडेसात लिटर. २०० जणांची तुकडी चार दिवसांच्या वाटेवर न्यायची तर ६००० लिटर झाले, उंटामागे दीडशे किलो धरलं तरी ४० उंट नुसतं पाणी वाहायला, आणि यात परतीचं पाणी धरलेलंच नाही!

म्हणून वाटेतली विहीर कोणाकडे यावरच युद्ध फिरू द्या. आमच्या मालवणच्या टेबलावर एकीच्या ‘रोग’ने (rogue, म्हणजे चोरट्या पात्राने) रात्री शत्रूच्या तळात शिरून पखाली फाडल्या, सकाळी त्यांचा सरदार तलवार न उपसता बोलणी करायला आला, आणि मग आमचीच पोरं त्याला किती पाणी द्यायचं यावर तासभर भांडत बसली. इतकं रंगलेलं सेशन क्वचित होतं.

गढी बनवताना सिंधुदुर्ग किल्ला बघा, चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. वेढा किती दिवस चालेल ते अशा विहिरींवर ठरवा, भिंतीच्या हिट पॉइंटवर (ती किती मार सोसेल त्या आकड्यावर) नको. विहिरीत विष टाकायला परवानगी देणार असाल तर मात्र युद्धानंतर ती वस्ती काय पिणार ते आधीच ठरवून ठेवा, प्लेअर विचारतातच.