मदत हवी आहे: दुपारी सोलर बंद पडतं

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातलं आमचं गाव, घर लाईनच्या अगदी शेवटच्या खांबावर. छतावर सोलर आहे, घरात न लागलेली वीज लाईनवर परत जाते. ऊन चढलं आणि शेजारची पिठाची चक्की बंद असली, की व्होल्टेज २३० वरून २६२ वर जातं. इन्व्हर्टरचा लाल दिवा लागतो, सगळं ठप्प. ऐन दुपारची वीज वाया जाताना जीव तुटतो. ही लाईन वीज आणण्यासाठी टाकलेली, परत पाठवण्यासाठी नव्हे.

आयआयटी कानपूर आणि वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी यांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये भारत-अमेरिकेचा यूआय-असिस्ट प्रकल्प सुरू झाला, विषय हाच: साठवणुकीसह स्मार्ट वितरण. त्यात खेड्यातल्या लाईनवर काम केलेलं कोणी ओळखीचं आहे का? डीपीजवळ सामायिक बॅटरी मागावी की आधी जाड तार? सोमवारी ग्रामसभा आहे, अर्ज त्याआधी लिहायचाय.