बडोद्याहून पहिलीच युरोप ट्रिप, १२ रात्री: राहायचं-फिरायचं कसं ठरवू?

मांडवीकर:
नमस्कार मंडळी, मे मधे शाळेला सुट्टी लागली की आम्ही चौघं (मी, मिसेस, नऊ वर्षांची मुलगी आणि माझी आई, वय ६७) युरोपला जायचं म्हणतोय, पहिल्यांदाच देशाबाहेर. ग्रुप टूर नको, आईला ती पहाटेची धावपळ झेपणार नाही. मनात पॅरिस, रोम, अ‍ॅमस्टरडॅम आणि स्वित्झर्लंड आहे, पॅरिसला उतरून पॅरिसहूनच परत असं तिकीट बघतोय. मधला प्रवास विमानाने की ट्रेनने, हॉटेल की अपार्टमेंट, आणि फ्लाइट अहमदाबादहून घ्यावी की मुंबईहून? आईचे गुडघे दुखतात, ते धरून सांगा प्लीज.

सुरसागर_काठी:
दादा, रोम या वेळी सोडा, मनापासून सांगतेय. शहर बदलायचं म्हणजे सकाळी आवरा, बॅगा भरा, अकराच्या सुमारास चेकआउट, मग स्टेशन, मग प्रवास आणि तिकडे रूम मिळणार दुपारी तीनला, म्हणजे तो दिवस गेलाच धरा, आणि बरोबर आजी-नात असल्यावर संध्याकाळी परत बाहेर पडायचं त्राण कुणातच राहत नाही. १२ रात्रींना तीन मुक्काम पुष्कळ झाले.

आणि परत पॅरिसला कशाला यायचं? एअरलाइनच्या साइटवर मल्टी-सिटी म्हणून ऑप्शन असतो, त्यात अ‍ॅमस्टरडॅमला उतरून स्वित्झर्लंडमधल्या झुरिकहून निघायचं टाका, एकाच तिकिटात होतं, उलटं यायचा खर्च आणि दिवस दोन्ही वाचतात. अ‍ॅमस्टरडॅम आधी अशासाठी की क्युकेनहॉफची ट्युलिपची बाग मेच्या मध्याच्या आसपास बंद होते, सुट्टी लागल्या लागल्या निघालात तर मिळेल. माझ्या हिशोबाने अ‍ॅमस्टरडॅम ३, पॅरिस ४, स्वित्झर्लंडमधे लुझर्न ५.

गोत्री_रोड:
ताईंशी सहमत. मधला प्रवास ट्रेननेच करा. अ‍ॅमस्टरडॅम-पॅरिस युरोस्टार साधारण साडेतीन तास, शहराच्या मधून शहराच्या मधे. विमान तासा-सव्वा तासाचं दिसतं पण एअरपोर्टला जाणं-येणं, चेक-इन, सिक्युरिटी धरलं तर वेळ जास्तच जातो आणि आईंना चालावंही जास्त लागतं.

एक गोष्ट आधी नकाशावर बघून घ्या. युरोस्टार येते गार द्यू नोरला आणि स्वित्झर्लंडची टीजीव्ही लिरिया सुटते गार द लियोंहून, दोन्ही वेगळी स्टेशनं. म्हणून पॅरिसचं हॉटेल गार द लियोंपासून चालत जाता येईल असं घ्या, येताना टॅक्सी करा, निघायच्या दिवशी निवांत चालत जा. तिथून बाझल तीन तास, गाडी बदलून लुझर्न आणखी तासभर. सामान आपणच चढवायचं असतं, हमाल मिळेल असं धरून चालू नका, तेव्हा मोठ्या दोन बॅगांपेक्षा मध्यम चार बऱ्या. तिकिटं काही महिने आधी उघडतात आणि जसजशा सीटा भरतात तसतसे भाव चढतात.

रावपुरा_वहिनी:
राहण्याबद्दल मी लिहिते. अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या घरांचे जिने इतके अरुंद आणि उभे असतात की गुडघेदुखीवाल्या माणसाला ते शक्यच नाही, फोटो कितीही सुंदर असू दे. बुकिंगआधी मेसेज करून विचाराच, लिफ्ट आहे का, रूमच्या मजल्यापर्यंत येते का, आणि त्यांचा पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा ना. तिथे टुरिस्ट टॅक्स १२.५ टक्के आहे, दिसणाऱ्या भावात तो धरलाय का तेही बघा.

लुझर्नला मात्र किचनवालं अपार्टमेंट घ्या, स्टेशनच्या जवळ. बाहेरचं जेवण तिथे फार महाग पडतं, आणि पाच दिवस आईंना संध्याकाळी मेतकूट-भात मिळाला तर किती बरं वाटेल. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, स्टेशनमधली चालू असतात. खाकरा, चिवडा न्या, पण पेढे, श्रीखंड, चीज असलं दुधाचं काही नको, युरोपियन युनियनमधे बाहेरून आणायला बंदी आहे.

स्विस ट्रॅव्हल पास घेतलात तर मुलीला फॅमिली कार्डवर फुकट. त्यात ट्रेन, बस, तलावातली बोट सगळं येतं आणि रिगी डोंगरही येतो, टिटलिसला निम्मे पैसे. आईंसाठी मी रिगीच म्हणेन: लुझर्नहून बोटीने व्हित्सनाऊ, तिथून १८७१ सालापासून चालणारी दातेरी चाकांची रेल्वे थेट वर नेते, आणि उंची १८०० मीटरच्या आतच. टिटलिस ३००० च्या वर आहे, दम लागू शकतो.

मांडवीकर:
केवढं नीट सांगितलंत सगळ्यांनी, रोम काढलं. पण मग व्हिसा कुठला? उतरणार नेदरलँड्सला.

गोत्री_रोड:
सगळ्यात जास्त रात्री जिथे, त्या देशाचा, म्हणजे तुमचा स्वित्झर्लंडचा. रात्री सारख्या असत्या तर आधी उतरायचा देश लागला असता. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मेची गर्दी बघता जानेवारीतच स्लॉट शोधायला लागा. फी मोठ्यांना ९० युरो, मुलीला ४५. मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, आईंचं वय आणि आधीचे आजार पॉलिसीत खरे लिहा. व्हिसा येईपर्यंत हॉटेलं फ्री कॅन्सलेशनचीच ठेवा.

सुरसागर_काठी:
फ्लाइटसाठी मी अहमदाबाद म्हणेन, आखातात एक स्टॉप पडेल पण परत आल्यावर एक्सप्रेसवेने दोन तासांत घर. मुंबईहून थोडं स्वस्त पडलं तर ट्रेनने जा आणि बोरिवलीला उतरा, मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊ नका, एअरपोर्ट मागे राहतो. दोन्हीकडे आईंसाठी व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवा, त्याचे वेगळे पैसे नसतात.