नगरचं रणगाडा संग्रहालय मुलांसोबत पाहताना

मुलं अर्ध्या तासात कंटाळतात, हे खरं. पण ते नुसते फलक वाचायला लावले म्हणून. त्यापेक्षा दोन-तीनच रणगाडे नीट दाखवा. पीटी-७६ या पाण्यावर तरंगणाऱ्या सोव्हिएत बनावटीच्या रणगाड्याच्या मागच्या बाजूला जा. तिथली दोन गोल तोंडं पाणी मागे फेकतात, त्या जोरावर हा १४ टनी गाडा नदी पोहून जातो. पुढची आडवी फळी पाण्यात उतरण्याआधी उभी करतात, नाहीतर लाट थेट अंगावर येते. तरंगायचं म्हणून चिलखत पातळ ठेवलेलं. १९७१ला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूरला भारताकडून याच जातीचे रणगाडे लढले. मग १९६५च्या युद्धातला पाकिस्तानचा जाड चिलखताचा पॅटन रणगाडा बघा, फरक आपोआप कळतो.

बहुतेक रणगाडे उघड्यावर आहेत, त्यामुळे सकाळीच जा. दुपारी पोलाद चटका देतं. टोपी, पाणी, ओळखपत्र हवंच.