चौकातील रस्ता सर्वांना ओलांडता येतो का, हे कसे तपासावे?

प्रश्न :
पुण्यात आमच्या सोसायटीजवळच्या चौकात नवा फुटपाथ झाला आणि झेब्रा पट्टेही रंगवले गेले. तरीही व्हीलचेअरवर असलेल्या माझ्या आईला पलीकडे नेताना दर वेळी कोणाला तरी हात लावायला सांगावे लागते. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देण्याआधी नेमके काय काय मोजून घ्यावे?

उत्तर १ :
फुटपाथच्या कडेपासून सुरुवात करा. उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीच्या फुटपाथला किमान १८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. अनेकदा उतार ठीक असतो, परंतु तो डांबराला मिळतो तेथे दोन बोटांची पायरी राहून जाते आणि खुर्चीची पुढची लहान चाके नेमकी तेथेच अडतात. दुचाकी चढू नयेत म्हणून रोवलेल्या खांबांमधील अंतरही मोजा. ते ९० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर खुर्ची नेणे कठीण होते.

उत्तर २ :
मी पांढरी काठी वापरतो, म्हणून एक भर घालतो. ती पायरी काढलीच पाहिजे. मात्र ती गेली की फुटपाथ कोठे संपला हे माझ्या काठीला कळत नाही, आणि मी नकळत वाहनांमध्ये उतरतो. त्यासाठी उताराच्या तळाशी उठावाच्या ठिपक्यांच्या फरश्या हव्यात. जपानमधील ओकायामा येथे सेइची मियाके यांनी तयार केलेल्या अशा फरश्या १९६७ मध्ये प्रथम बसवल्या गेल्या. ठिपके म्हणजे ‘थांबा’ आणि रेघा म्हणजे ‘या दिशेने चाला’. रेघांची ओळ थेट झाडाच्या बुंध्याशी किंवा चेंबरच्या झाकणाशी नेऊन सोडलेली असेल, तर छायाचित्रासह नोंदवा.

उत्तर ३ :
सिग्नलची वेळ विसरू नका. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरला, तर १८ मीटर रुंद रस्त्याला १५ सेकंद पुरतात, ०.८ मीटर वेगाने चालणाऱ्या वृद्धाला साडेबावीस सेकंद लागतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ मध्ये रस्त्यांचाही विचार आहे, त्याचा अर्जात उल्लेख करा.

प्रश्नकर्ती :
आज आईसोबत तीनदा रस्ता ओलांडून वेळ मोजली. सिग्नल १६ सेकंदांचा आहे. आम्हाला सर्वांत कमी २४ लागले, त्यांतले सहा त्या दोन बोटांच्या पायरीपाशी गेले. अर्जात हे दोन्ही आकडे सर्वांत वर लिहिले आहेत.