चामखीळ, मस, नरहुली : तुमची कशी गेली?

टिळकवाडी, बेळगाव

धाकट्याच्या उजव्या अंगठ्यावर नखाला लागून दिवाळीआधी एक चामखीळ आली. संक्रांतीपर्यंत चार झाल्या. सासूबाई म्हणाल्या, मरगाईदेवीला मीठ वाहायचं राहिलंय. शेजारच्या अक्का म्हणाल्या, "नरहुली री, ताने होगतैती बिड्री", म्हणजे चामखीळ आहे ही, आपोआप जाते, सोडा. मेडिकलवाल्यानं विचारायच्या आधीच एक बाटली काढून दिली. नवऱ्यानं नेलकटर शोधलं, ते मी लपवून ठेवलंय.

चारही जण ठाम आहेत, म्हणून इथं विचारते. तुम्हाला झालेलं नक्की काय होतं, कुठं दाखवलंत, किती दिवस लागले? फसलेले उपाय आधी सांगा. नाजूक जागेचं असेल तर गाव नका लिहू, पण अनुभव लिहा.

खानापूर

फसलेला उपाय माझ्याकडं आहे. आजोळ जांबोटीकडं, घराभोवती काजू. मी सातवीत असताना मनगटाजवळ तीन चामखिळी होत्या. मामानं काजूच्या टरफलातलं तेल काडीनं लावलं. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी कातडी काळी पडली, तिसऱ्या दिवशी मनगटभर फोड. चामखिळी गेल्या हे खरं, पण त्यांच्याबरोबर आजूबाजूची कातडीही गेली. महिना-दीड महिन्यानं डागाच्या कडेनं नव्या पाच-सहा उगवल्या, माळ घातल्यासारख्या.

पुढं डॉक्टरनं समजावलं तेव्हा कळलं. चामखीळ म्हणजे कातडीच्या वरच्या थरात शिरलेला विषाणू. तिला मूळबीळ काही नसतं. जखम केली की शेजारच्या कातडीत शिरायला त्याला दारच मिळतं. बिब्ब्याचं आणि रुईच्या चिकाचंही तेच. रुईचा चीक डोळ्यात गेला तर नजरेवरच बेततं.

मामाला अजून वाटतं की तेल कमी पडलं.

निपाणी

माझी चामखीळ हाय हेच मला दोन वर्षं म्हाईत न्हवतं. उजव्या टाचंखाली कुरूप झालंय म्हणून मी कुरपाच्या पट्ट्या चिकटवत बसलो. मी फिरतीवरचा माणूस, निपाणी-चिकोडी-संकेश्वर दिवसभर दुकानं. संध्याकाळी टाच टेकवत न्हवती. ब्लेडनं तासायचो, चार दिवस बरं वाटायचं, पुन्ना तेच. एकानं चुना आणि पापडखार लावायला सांगितलं, तेबी केलं. भाजलं तेवढं खरं.

शेवटी बेळगावात कातडीच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी वरचा टणक थर खरवडला आणि भिंगातनं मला दाखवला. आत बारीक काळे ठिपके. "हे तुमचं बी न्हाई, मूळ बी न्हाई, बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त हाय," म्हणाले. मग दोन खुणा सांगितल्या, त्या सगळ्यांनी ध्यानात ठेवा. कुरूप वरनं दाबलं की दुखतं. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. आणि तळव्याच्या रेषा कुरपावरनं सरळ जातात, चामखिळीपाशी येऊन बाजूला वळतात. घरी येऊन बायकोचा पाय बघितला, तिचं खरंच कुरूप निघालं.

मला द्रव नायट्रोजननं गोठवलं. उणे १९६ अंशांचं ते. कापसाच्या काडीनं लावतात, वाफ निघते, सुई टोचल्यागत आग होते. दुसऱ्या दिवशी फोड आला, घाबरू नका म्हणून आधीच सांगितलं होतं. तीन आठवड्यांच्या अंतरानं चार वेळा गेलो. तिसऱ्या खेपेला वाटलं पैसे पाण्यात गेले. चौथ्यानंतर रेषा परत सरळ दिसायला लागल्या.

आमच्या बाबांना साखर हाय, त्यांच्या पायालाबी तसंच झालंय. त्यांना मी मेडिकलमधलं काहीबी लावू देत नाही. साखरवाल्याच्या पायाला जखम झाली की ती चामखिळीपेक्षा म्हाग पडते.

गणपत गल्ली, बेळगाव

माझं सलून आहे, मी दुसऱ्या बाजूनं सांगतो. दाढीच्या जागी बारीक, चपट्या, कातडीच्याच रंगाच्या पुटकुळ्या घेऊन पोरं येतात. बघून मी समजलो, पण गिऱ्हाइकाला कसं सांगायचं? एकदा एका कॉलेजच्या पोराला मी सांगितलो, "महिनाभर दाढी ठेव की रे, ट्रिमर वापर." तो रागावून दुसऱ्या दुकानात गेला. दोन महिन्यांनी आला तर वस्तऱ्याच्या रेघेत ओळीनं चामखिळी. जिथनं पातं फिरलं तिथनं ती पसरली.

मी प्रत्येकाला नवीन अर्धं ब्लेड लावतो, समोर फोडून. "भाऊ, ही एक कापून टाक की" म्हणणारे रोज येतात. कापलो नाही आणि कापणारही नाही. रक्त आलं की ते माझ्या हाताला, माझ्या टॉवेलला. तुम्हीही घरात रेझर एकमेकांचा वापरू नका.

गाव लिहीत नाही

डॉक्टरांच्या पाटीवर कन्नडमध्ये लिहिलं होतं, "चर्म मत्तु लैंगिक रोग तज्ञरु", म्हणजे कातडीच्या आणि लैंगिक रोगांचे तज्ज्ञ. दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा बहिणीला घेऊन गेले. माझी चामखीळ बोटावरची होती हो! पण दवाखान्यातून बाहेर पडताना कुणी बघितलं तर काय, हेच डोक्यात.

डॉक्टरांनी विचारलं, "एष्टु दिना आतु?", म्हणजे किती दिवस झाले, आणि पुढं सगळं मराठीतच बोलले. विषाणूचं नाव एचपीव्ही ऐकलं आणि माझे हातपाय गार पडले, कारण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या संदर्भात तेच नाव मी वाचलं होतं. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. या घराण्यात दोनशेच्या वर प्रकार आहेत. बोटावर, तळव्यावर येणारे वेगळे. जननेंद्रियावरच्या चामखिळी बहुतेक ६ आणि ११ नंबरच्या. कॅन्सरशी मुख्य संबंध १६ आणि १८ चा. बोटावरच्या चामखिळीनं तो कॅन्सर होत नाही.

मग मी धीर करून मैत्रिणीचं म्हणून दुसरा प्रश्न विचारला. त्यांनी ओळखलं असावं. म्हणाले, तिथं मेडिकलमधलं ॲसिड चुकूनही लावायचं नाही, नवऱ्यालाही तपासायला आणायचं, आणि गर्भाशयमुखाची तपासणी वेळेवर करायची. मैत्रिणीनं तसं केलं. आता ती बरी आहे.

भालकी, बिदर

घोड्याच्या केसानं मानेवरची बांधली, आठ दिवसांत गळून पडली. डॉक्टर म्हणाले ती चामखीळ नव्हतीच, देठाची मऊ लोंबती गाठ होती, ती विषाणूची नसते. तरी बांधू नका म्हणाले, पिकते. माझी पिकली नाही.

अनगोळ

मी होमिओपॅथीच्या गोळ्या घेतल्या, थुजा. आठ महिन्यांत हाताच्या सातही गेल्या. प्रामाणिकपणे हेही सांगते की माझ्या भाच्यालाही तेव्हाच झाल्या होत्या. त्यानं काहीच घेतलं नाही आणि त्याच्या माझ्याआधी गेल्या. तरी गोळ्यांची बाटली टाकवत नाही.

वडगाव, बेळगाव

मी नर्स आहे, चर्मरोगाच्या ओपीडीत काही वर्षं काढली. भाच्याचं ऐकून आश्चर्य वाटलं नाही. शरीराला विषाणूची ओळख पटली की चामखीळ स्वतःच विरते. मुलांच्यात साधारण दोन वर्षांत निम्म्याहून जास्त जातात. अक्का बरोबर आहेत.

पण थांबायचं नसेल तर बाटली उघडायच्या आधी तिच्यावर सॅलिसिलिक ॲसिड किती टक्के आहे ते वाचा. १७ टक्क्यांच्या आसपास असेल तर रात्री बोट पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवा, मऊ झालेला पांढरा थर नखांच्या घासणीनं अलगद काढा, भोवती व्हॅसलीन लावा आणि थेंब फक्त चामखिळीवर. ती घासणी दुसऱ्या कुणाला देऊ नका. हे रोज, बारा आठवडे. लोक बाराव्या दिवशी सोडतात आणि औषध खोटं म्हणतात. चेहऱ्याला, नाजूक जागेला, तिळाला किंवा साखरवाल्याच्या पायाला हे लावायचं नाही. मुलाला नखं कुरतडायची सवय असेल तर ती आधी मोडा, नखाजवळच्या त्यानंच पसरतात.

आणि उतारवयात नवीनच काहीतरी उगवलं, रंग बदलला, आपोआप रक्त आलं, तर चामखीळ म्हणून घरी बसू नका. सिव्हिलमध्ये दाखवा, आमच्याकडं येणाऱ्यांत उशीर केलेलेच जास्त.

टिळकवाडी, बेळगाव

बाटली १६ टक्क्यांची निघाली. कॅलेंडरवर फुल्या मारत दहा आठवडे झाले. मधे परीक्षेच्या आठवड्यात लावायचं राहिलंच. नखं कुरतडणं मात्र सुटत नाही, कडुलिंब लावून बघितला तर तोही चाटला. चारपैकी तीन गेल्या. नखाच्या आत शिरलेली चौथी आहे, तिच्यासाठी शनिवारी नंबर लावलाय.

आज सासूबाईंना अंगठा दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट बघितला आणि सांगितलं, मीठ त्यांनी पौषातच वाहून टाकलं होतं. तीनचंच वाहिलं होतं, चौथी तेव्हा दिसली नव्हती.